बघून मग पुसू

पौडला एसटी स्टँडच्या पुढे, बियाण्यांच्या दुकानाला लागून साधनावहिनींचा फोटो स्टुडिओ होता. खरं तर तो जयसिंगदादांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा. लग्नाचे फोटो दादा काढायचे, पण नंतरचं सगळं आत बसून वहिनी निस्तरायच्या. त्यामुळे आमच्या कोळवण खोऱ्यातली माणसं 'साधनाच्या स्टुडिओत जाऊन येतो' असंच म्हणायची, आणि दादांना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

वहिनी मूळच्या माले गावच्या. दहावी झाल्या झाल्या लग्न होऊन पौडला आल्या. सुरुवातीला निगेटिव्ह उजेडात धरून कोणतं लग्न कोणाचं ते ओळखायचं आणि पाकिटावर नाव घालायचं, एवढंच त्यांच्याकडे होतं. मग दादांनी डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याच्या पाठोपाठ कॉम्प्युटर आला. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसाने नवे घेतले तेव्हा जुने काढून टाकले, त्यातला तो एक. दादांना त्याची धास्ती वाटायची. माउस धरला की त्यांचा हात आखडायचा. वहिनी मात्र पुण्यात ज्या लॅबमध्ये फोटो छापायला द्यायचे, तिथे काम करणाऱ्या मुलींच्या शेजारी बसून बसून शिकल्या. नवरीच्या कपाळावरची चकाकी कमी करायची, मागे आलेली विजेची तार पुसायची, नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलात बसवायचं. गुलाब वहिनींना मुळीच आवडायचा नाही. पण गिऱ्हाइकाला हवा म्हटल्यावर त्या तो मन लावून करायच्या.

मी रंभाबाईंची मुलगी. माझी आई लग्नकार्यात पुऱ्या लाटायला जायची. तिच्यासोबत चार-पाच बायका असायच्या, आणि कोळवणपासून मुळशीपर्यंत कुठल्याही मांडवामागे चूल पेटली की तिथे ही टोळी हजर असायची. वडील कोंडिबा घरची भातशेती बघायचे. त्या दोघांनी मला शिकवलं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हिंजवडीच्या एका ऑफिसात डेटा एंट्रीच्या कामाला लागले. राहायला महाळुंग्यात होते, घरमालक हैबतरावांनी शेतात बांधलेल्या खोल्यांपैकी एकीत. सोबत स्वरदा नावाची लातूरची मुलगी होती. शनिवारी मी घरी यायचे.

२००७ साल, वैशाख महिना. पौडला उतरून मी कोळवणच्या जीपची वाट बघत होते, तेवढ्यात वहिनींनी स्टुडिओच्या दारातून हाक मारली. आत गेले तर दादा कॅमेऱ्याचं कार्ड मुठीत धरून स्टुलावर बसलेले. कालच्या लग्नाचे फोटो त्या कार्डात होते. ते कॉम्प्युटरवर घ्यायला लागल्यावर निम्म्यातच सगळं थांबलं होतं आणि डिस्क भरल्याचा संदेश आला होता. दुसरं कार्डही भरलेलं. उद्या कोळवणला मोठं लग्न, आणि फोटो कशावर काढायचे हा प्रश्न.

"पंधरा दिस झालं, हितं कोपऱ्यात पिवळं कायतरी येतुया," वहिनी म्हणाल्या. "मी आपली फुलीवर दाबून घालवतीया."

मी बसले. आधी कचऱ्याचा डबा, म्हणजे रिसायकल बिन उघडला, तर तो ओसंडून वाहत होता. वहिनी रोज बिघडलेले फोटो काढून टाकायच्या, पण ते सगळे तिथेच साठून राहिले होते. टाकलेला फोटो डबा रिकामा करेपर्यंत जागा अडवून बसतो हे सांगितल्यावर त्या हसायलाच लागल्या. म्हणजे झाडून काढलेला केर दाराआडच राहिला म्हणायचा, असं म्हणाल्या. डब्यात चुकून गेलेलं काही नाही ना, ते त्यांनी बघून घेतलं आणि मग आम्ही तो रिकामा केला. कोणी कोणी भरून ठेवलेले गेम होते, ते काढले. एकेका लग्नाच्या तीन तीन नकला होत्या. एकीचं नाव 'लग्न', दुसरीचं 'लग्न नवीन', तिसरीचं 'लग्न फायनल', आणि एका ठिकाणी 'लग्न फायनल खरं'. आत तेच ते फोटो. पडताळून बघून एकेक ठेवलं. मधेच लोडशेडिंगची वेळ झाली, बॅटरीचा डबा टीं टीं करायला लागला, तेव्हा सगळं बंद करून वीज यायची वाट बघत चहा प्यायलो.

संध्याकाळी दोन्ही कार्डांतले फोटो कॉम्प्युटरवर आले. ते नीट उघडतात की नाही हे बघितल्याशिवाय वहिनींनी कार्ड पुसू दिलं नाही. उद्याचं लग्न निभावलं होतं. पण अख्खा वैशाख पुढे होता आणि एवढ्या जागेत तो मावणार नव्हता.

दादा म्हणाले, गेल्या वर्षापर्यंतचं सगळं काढून टाका, लोकांनी अल्बम नेलेत, आता त्या फोटोंचं कोणाला काय. मलाही ते पटलं. ऑफिसात आम्ही असंच करायचो, जुनी तारीख बघायची आणि उडवायचं. मी फोल्डर निवडून तयारही ठेवली.

वहिनींनी विचारलं, "डब्यातनं बी काढलं, की परत येत न्हाई ना?"

"नाही."

"मग बघून पुसू."

एवढं सगळं बघत बसायचं म्हणजे किती वेळ जाईल, असं दादांनी दोनदा सांगून पाहिलं. वहिनींनी दोन्ही वेळा मान डोलवली आणि उद्या जरा लवकर ये म्हणून मलाच सांगितलं.

रविवारी दादा कोळवणच्या लग्नाला गेले. आईही तिथेच, चुलीवर. आम्ही दोघी स्टुडिओत बसलो. वहिनींनी साधा नियम धरला होता. जे अल्बममध्ये गेलं ते ठेवायचं, बाकीच्यातलं एकेक बघायचं. बाकीचंच जास्त होतं. रीळ होतं तेव्हा दादा जपून फोटो काढायचे, डिजिटल आल्यापासून त्यांचं बोट बटणावरून उठतच नव्हतं. एकच हार सगळ्या बाजूंनी. डोळे मिटलेला नवरदेव. अर्धं डोकं कापलेले मामा. वहिनी भराभर पुसत होत्या आणि कॉम्प्युटरमधली जागा दिसामाशी नव्हे, घडीघडीला वाढत होती.

मग प्रत्येक लग्नाच्या सुरुवातीला काही वेगळेच फोटो लागायला लागले. मांडवाची मोकळी जागा, चुलीचा धूर, भांडी घासणारी बाई, ताशावर डोकं ठेवून झोपलेला भैरू वाजंत्री. मी विचारलं, हे कशाला काढलेत?

"उजेड बघायला," वहिनी म्हणाल्या. "नव्या ठिकाणी गेलं, की आदी चार फोटो मारत्यात, उजेड कसा येतुया ते कळाय. त्या टायमाला मांडवात कोन नसतं. चुलीवरच्या बायका तेवढ्या असत्यात."

पुढच्याच लग्नात आई होती.

परातीतल्या कणकेत कोपरापर्यंत हात घातलेले. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर पीठ लागलेलं. शेजारची बाई काहीतरी बोलली असणार, कारण आई मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून हसत होती. सकाळचं ऊन धुरातून तिरपं येऊन तिच्या गालावर पडलं होतं. माझ्या आईचा एकच फोटो आमच्या घरी होता, मतदार ओळखपत्रावरचा. त्यात ती पोलिसाने धरून आणल्यासारखी दिसायची. घरच्या लग्नातसुद्धा फोटोची वेळ आली की ती भांडी गोळा करायला निघून जायची. ती इतकी छान हसते हे मला माहीत होतं, पण ते असं समोर थांबून कधी बघायला मिळालं नव्हतं.

मी स्क्रीनजवळ सरकले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि एक नवीन फोल्डर केलं. इंग्रजी अक्षरं एकेक शोधत त्यावर आईचं नाव घातलं. फोटो त्यात टाकला. मग पुढचं लग्न उघडलं. त्यातही आई होती. त्याच्या पुढच्यातही. कढईतून पुरी उचलताना, आमटीची चव घेताना, एका दगडावर बसून चहाची बशी फुंकताना. दादांनी उजेड बघायला म्हणून जे काढले होते, त्यात माझ्या आईची तीन वर्षं साठलेली होती. मी आदल्या दिवशी निवडून ठेवलेलं ते सगळं एका बटणासरशी गेलं असतं.

नंतर वहिनींनी आणखी फोल्डर केली. एक भैरूचं. भांडी घासणाऱ्या गंगूबाईंचं एक. पाणी भरणाऱ्यांचं, मांडव घालणाऱ्यांचं. नवरदेवाचे मिटलेले डोळे जात होते आणि ही माणसं राहत होती. दुपारी पुन्हा वीज गेली तेव्हा निम्मी डिस्क मोकळी झालेली होती.

राहिलेलं सुरक्षित कुठे ठेवायचं ते स्वरदामुळे सुटलं. तिने लॅपटॉप घेतला होता. तिच्या जुन्या कॉम्प्युटरमधला डीव्हीडी रायटर तिने काढून, टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. साधनावहिनींना तिने कधी पाहिलंही नव्हतं. पुढच्या शनिवारी तो स्टुडिओत बसवला. वहिनी एकेका लग्नाची डिस्क करायच्या, ती दुसऱ्यांदा घालून फोटो उघडतात का ते बघायच्या आणि मगच कॉम्प्युटरवरचं पुसायच्या. जीपवाल्यांकडून गावोगावी निरोप गेले की तुमचे फोटो घेऊन जा. मुलींचे आईवडील आले. अल्बम नवऱ्याकडे गेलेला असतो, त्यामुळे त्यांच्याकडे लेकीच्या लग्नाचा धड एक फोटो नव्हता. मालेचे एक आजोबा डिस्क दोन्ही हातांत धरून विचारत होते, ही बघायची कशात. वहिनींनी त्यांना बसवून स्क्रीनवर सगळं लग्न दाखवलं आणि नातीचे दोन फोटो छापून दिले.

कॉम्प्युटर हलका झाला. पूर्वी सुरू करून चहा करून यावं लागायचं, आता तसं राहिलं नाही. वैशाख आणि ज्येष्ठातली राहिलेली लग्नं कुठेही न अडता पार पडली. दादांनी मला काही बोलून दाखवलं नाही, पण पुढे बरेच महिने मी पौडला उतरले की कोळवणच्या जीपमधली पुढची जागा माझ्यासाठी सांगून ठेवलेली असायची.

चुलीवरच्यांचे फोटो वहिनींनी स्वतः नेऊन दिले. आमच्याच गावात लग्न होतं. मी पाहुणी म्हणून गेले होते. वहिनी एरवी मांडवात येत नसत, त्या दिवशी दादांच्या मागे गाडीवर बसून आल्या आणि सरळ मागच्या बाजूला गेल्या. भैरूला त्याचा फोटो दिला, तो लाजून पळाला आणि पाच मिनिटांत सगळ्या वाजंत्र्यांना घेऊन परत आला. गंगूबाईंनी आपला फोटो ब्लाउजात ठेवून दिला आणि पुन्हा घासायला बसल्या.

आईने हात धुतले, पदराला पुसले, तरी फोटो हातात घ्यायला तयार होईना. मी धरला. तिने खूप वेळ बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, कशाला काढला असला पिठाचा फोटो.

"माझी आय अशीच हसायची," ती म्हणाली. "मी बारकी असताना गेली. तिचं तोंड मला आठवत न्हवतं."

वहिनी आईच्या शेजारी पाटावर बसल्या. आईने त्यांचा हात आपल्या ओल्या हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या, पुरी करपल्याचा वास येईपर्यंत.

त्यानंतर दादा चुलीजवळचे फोटो निव्वळ उजेड बघायला काढत नाहीत. बायकांना हाक मारून, थांबून काढतात. आता तर लग्नघरची माणसंच सांगतात, आचाऱ्यांचा एक घ्या. कॉम्प्युटर अर्थातच पुन्हा भरला, मग मोठी डिस्क आली, तीही भरत आली आहे. दर पावसाळ्यात धंदा थंड असतो तेव्हा वहिनी बसतात आणि एकेक बघून पुसतात. मला आता बोलावत नाहीत, त्यांचं त्यांना सगळं येतं.

मला पगारवाढ मिळाली, लग्न झालं, मी आता बाणेरला असते. कोणी विचारलं की या दहा वर्षांत तुला सगळ्यात मोठं काय मिळालं, तर माझ्या डोळ्यांसमोर तो पिठाचा फोटो येतो. तो दादांनी काढला, स्वरदाच्या रायटरने जपला, पण राहिला तो वहिनींच्या एका वाक्यामुळे.

आई आभार मानणाऱ्यातली नाही, तिला तो शब्दही अवघड वाटतो. भात झोडून झाला की ती नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन पौडला जाते. वहिनी दर वर्षी म्हणतात, मावशी, कशाला आणता. आई पिशवी काउंटरवर ठेवते, "नवा हाय, पानी बेताचं घाला," एवढं सांगते आणि जीप सुटेल म्हणून लगबगीने निघून येते.