प्रेमिला मावशींचे झोपलेले बैल

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुम्ही म्हणायला नको. नागपूरला जरीपटक्यात घराच्या पुढच्या खोलीत मी चौदा वर्षांपासून बालवाडी चालवते. बावीस पोट्टे, दोन सतरंज्या आणि मी एकटी नंदिनी मॅडम. तीन-चार वर्षांच्या पोट्ट्यांमागं चौदा वर्षं धावून पाहा, मग सांगा तुमचं डोकं किती थंड राहते ते.

प्रेमिला मावशी माझ्याकडं आल्या ऑगस्टच्या सुरुवातीला. आमच्या मोहल्ल्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. तीस वर्षं त्यांनी लांब पोळ्या केल्या. नागपूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. ही पोळी लाटत नाहीत. कणीक मिठाच्या पाण्यानं भिजवायची आणि आपटून आपटून इतकी सैल करायची की हातावरून ओघळली पाहिजे. मग ती या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर पसरायची. लग्न असो की बारसं, रस्सा कोणीही करो, पोळ्या मावशींच्याच.

मग छातीत धूर बसला आणि डॉक्टरनं चूल बंद केली. पाच महिने मावशी घरात बसून होत्या. मुलगा अश्विन भंडाऱ्याला नोकरीवर. तो 'ये' म्हणतो, पण सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करायची नाही, हे यांचं पक्कं. एक दिवस माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, काईबी काम द्या. हात रिकामे राहिले ना, तर मले बिमार पडल्यासारखं वाटते." मला मदतनीस हवीच होती. तान्ह्या पोळ्यापर्यंत पाहू, जमलं तर राहा, असं मी म्हटलं. त्या 'पाहू'वर मावशी रोज साडेसातच्या ठोक्याला हजर.

पण जमणं कठीण दिसत होतं. पोट्टे त्यांना भ्यायचे. लग्नाच्या गर्दीत चुलीपासून पंगतीपर्यंत पोचवायचा आवाज तो, 'इकडं ये रे बाळा' म्हटलं तरी बाळ दोन पावलं मागं सरकायचं. रितिका नावाची पोट्टी तर मावशी दिसल्या की माझ्या ओढणीत तोंड खुपसायची. आणि कागदकाम तर विचारूच नका बाप्पा! फुलपाखरू कापायला दिलं तर त्याचा एक पंख सतरंजीला चिकटवून ठेवला. मी कपाळावर हात मारला. मावशी मात्र रोज नव्या उमेदीनं कैची मागायच्या.

आता तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पोट्टे लाकडाचे बैल सजवून मोहल्ल्यात मिरवतात. तो संध्याकाळी असतो, म्हणून बालवाडीचा आम्ही सकाळीच उरकतो. आमचे बैल लाकडाचे नाहीत. प्रत्येक पोट्टं आपल्या हातानं खेळायच्या कणकेचा बैल करतं आणि आईबाप पाहायला येतात. दुकानातली रंगीत कणीक मी आणत नाही, कारण सगळं तोंडात जाते. घरीच करते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, थोडं तेल, रंगाला हळद नाहीतर बिटाचं पाणी, आणि घट्ट मळायचं. पोट्टं एकदा खातं, तोंड वाकडं करतं, पुन्हा खात नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी मावशींना पीठ भिजवायला बसवलं. चला, म्हटलं, हे तरी त्यांच्या हातचं काम आहे. आधी मिठावरूनच वाद. इतकं मीठ कोण खाईन, त्यांनी विचारलं. खायचं नाही, खेळायचं आहे, मी म्हटलं. मावशींनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच ओशाळले. पिठाशी खेळायचं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. तरी परात ओढली. मी पोट्ट्यांना चित्रातल्या बैलाची शिंगं दाखवत होते आणि मागून धप्प, धप्प आवाज येत होता. मला वाटलं, वा, काय मन लावून मळून राहिल्या.

हातात घेतली तेव्हाच मला कळायला हवं होतं. कणीक बोटांतून निसटत होती. सैल झाली का, मी विचारलं. बरोबर हाय मॅडम, एकदम बरोबर, मावशी म्हणाल्या. बावीस पोट्टे डोक्यावर बसलेले, तेव्हा मीही वरून मूठभर मैदा लावला आणि वेळ मारून नेली. बैल उभे राहिले. पिवळे, गुलाबी, एक पाच पायांचा. रितिकाच्या बैलाला शिंगं नव्हती. विचारलं तर म्हणाली, त्यानं टोपी घातली आहे, आत आहेत. सगळे वाळायला खिडकीत ठेवले आणि घरी पाठवलं पोट्ट्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बावीसच्या बावीस बैल खाली बसलेले. बसलेले कसले, लोळलेले. पाय गेले, पोटं पसरली, शिंगं पाठीवर आली. पाच पायांच्या बैलाची तर पुरणपोळी झाली होती.

साडेआठ वाजले होते, पोट्टे आले होते, नऊला आईबाप येणार. माझं डोकं सणकलं. मावशी परात घासत होत्या. तिथं जाऊन, सगळ्या पोट्ट्यांसमोर, मी तोंड सोडलं. पोळीची कणीक वेगळी आणि ही वेगळी, एवढंही कळत नाही का? आणि शेवटी म्हणाले, "तुमच्यानं हे काम होत नाही मावशी. उद्यापासून येऊ नका."

मावशींचे हात तसेच परातीत राहिले. मला त्याच क्षणी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यात बेल वाजली.

पहिले आले साहिलचे वडील नागसेन, कडक इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी खिडकीकडं पाहिलं आणि हसू दाबायला रुमाल काढला. मी काहीतरी सारवासारव करणार, तोच साहिल पुढं झाला. त्याच्या आबाजींकडं, म्हणजे आजोबांकडं, कुही गावाला खरीखुरी बैलजोडी आहे, त्यामुळं बैलांच्या बाबतीत आमच्याकडं त्याचाच शब्द चालतो.

"काल पोळा झाला ना," त्यानं वडिलांना समजावलं. "थकले ते. आता झोपून राहिले."

झालं. बावीस पोट्ट्यांनी तोंडावर बोट ठेवलं. येणाऱ्या प्रत्येक आईला दारातच दटावलं, हळू बोला, बैल झोपले आहेत. चौदा वर्षांत अशी शांतता मला एकदाही मिळाली नव्हती.

रितिकाला मात्र आपल्या बैलाला कुशीत घेऊन झोपवायचं होतं. तिनं तो उचलला आणि तो लोंबायला लागला. सतरंजीवर पडणार, इतक्यात मावशींनी झेलला. झेलला आणि त्यांच्या हातांनी त्यांना न विचारताच तीस वर्षांचं काम केलं. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत. बघता बघता रितिकाचा बैल हातभर लांब आणि कागदासारखा पातळ झाला. मावशीच घाबरल्या. पोट्टी आता भोकाड पसरणार, असं मला वाटलं.

रितिकानं डोळे मोठे केले. "झूल," ती म्हणाली. बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल. आणि साहिलच्या बैलाकडं बोट दाखवून तिनं मावशींना हुकूम सोडला, "त्याला घाला, त्याला थंडी वाजते."

मग काय! डब्यात कालची गुलाबी कणीक उरली होती, ती निघाली. पोट्टे हात ताठ करून रांगेत उभे राहिले. मावशी एकेकाच्या हातावर कणीक सोडत होत्या, कोपर ढिला ठेव गा, वर पाहू नोको वं, असं त्याच लग्नाच्या आवाजात ओरडत होत्या आणि कोणी मागं सरकत नव्हतं. नागसेननीही बाह्या वर केल्या. त्यांची झूल त्यांच्या चष्म्यावर गेली. रितिका मावशींच्या गुडघ्याला टेकून, कोणाचा बैल उघडा राहिला ते सांगत होती. दहा वाजेपर्यंत उरलेले एकवीस बैल पांघरूण घेऊन झोपले होते.

सगळे खुश होऊन गेले. मी आईबापांना फोटो पाठवत बसले. मावशींनी सतरंज्या झटकल्या, फरशी पुसली, परात जागेवर ठेवली. जाताना दारात जरा थांबल्या. मी फोनवर बोलत होते, मी नुसता हात हलवला. त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेसात झाले, आठ झाले, नऊ झाले, मावशींचा पत्ता नाही. आधी मला रागच आला. चार लोकांनी वा वा केलं तर लगेच भाव खाऊन राहिल्या, असं मनात आलं. रितिका उंबऱ्यावर बसून होती. मावशी येतील तेव्हाच आत येईन, म्हणाली. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. 'येऊ नका' हे मी बावीस पोट्ट्यांसमोर म्हटलं होतं. 'या' हे कोणासमोरच म्हटलं नव्हतं.

शेजारच्या इंदुताईंना पोट्ट्यांजवळ बसवलं आणि मागच्या गल्लीत गेले. मावशींचं दार उघडंच होतं. त्या पलंगावर बसल्या होत्या. धुतलेली साडी, नीट विंचरलेले केस, मांडीवर पिशवी, पायात चप्पल.

"कुठं निघाल्या का मावशी?" मी विचारलं.

"नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही नोको येऊ म्हटलं होतं. पण सात वाजले, तर तयार झाली. मंग इथंच बसून राहिली."

मला इतकी लाज वाटली की रस्त्यानं जुळवलेलं सगळं भाषण मी विसरूनच गेले. "माझं चुकलं मावशी," मी म्हटलं. "या."

आणखी एक शब्द बोलायची वेळ त्यांनी माझ्यावर आणली नाही. मी त्यांचं दार ओढून कडी लावली आणि वळून पाहिलं, तर त्या गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या.