वाळवंटातला म्हसोबा

लिमये सरांचं वाळवंट मी आठ वर्षं हातात धरलं, पण नीट पाहिलं कधीच नव्हतं. दोष माझा नाही, सरांच्या पद्धतीचा. माझं शनिवार पेठेत फ्रेमचं दुकान, आणि यज्ञेश्वर लिमये समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या खोलीत चित्रापासून चार पावलं मागं गेलं की पाठ कपाटाला लागते. त्यांची चित्रं तर अशी की जवळून नुसते रंगाचे फटकारे. म्हणून ते पाच फुटी कॅनव्हास घेऊन खाली यायचे, मला दुकानाच्या पायरीवर तो धरून उभं करायचे आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून बघायचे. मध्ये स्कूटर, टेम्पो, शिव्या. सर हातानं वर, खाली, डावीकडे अशा खुणा करणार आणि मी चित्राच्या मागं, म्हणजे मला दिसायची ती कापडाची पाठ. गिऱ्हाईक काउंटरवर तिष्ठत बसलेलं.

"याला इम्प्रेशनिस्ट म्हणतात, बापूराव," ते सांगायचे. वस्तू काढायची नसते, वस्तूवरचा उजेड काढायचा असतो. काळा रंग घरात ठेवायचा नाही, सावलीसुद्धा जांभळी नाहीतर निळी. मी विचारलं, मग फ्रेम कशाला करू, वाळूला की उजेडाला? सर हसले नाहीत. ते माझ्या विनोदांना सहसा हसत नाहीत.

एका दिवाळीत सर आणि श्यामलाबाई सहलीबरोबर जैसलमेरला गेले होते. आयुष्यातला तेवढाच मोठा प्रवास. तिथल्या एका दुपारचं हे चित्र. पिवळट टेकाडं, त्यांच्या गुलाबी कडा, वर उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बोटभर लांबीचा एक जांभळा फटकारा. तो कसला, हे सर कुणालाही सांगत नसत. विचारलं की एकच उत्तर, लांबून बघा. माझ्या दुकानात त्यावर बरीच चर्चा झाली. कुणी झुडूप म्हणालं, कुणी खडक, एकानं तर माशी बसली म्हणून झटकायला हात पुढं केला. मी श्यामलाबाईंच्या समोरच म्हणालो होतो, उंट मात्र झकास जमलाय. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "उंटच आहे हो तो," म्हणाल्या. सर रागावून निघून गेले. का रागावले, मला कळलं नाही.

तीन वर्षांपूर्वी श्यामलाबाई गेल्या. त्यानंतर सरांनी ते चित्र माझ्या दुकानात आणून भिंतीला टेकवून ठेवलं, घरात जागा नाही म्हणाले. दोन माणसांच्या घरातलं एक माणूस कमी झाल्यावर जागा कमी कशी होते, हे गणित मला सुटेना. गेल्या वर्षी धायरीचा रणजित नावाचा बिल्डर वडिलांचा फोटो फ्रेम करायला आला. वाळवंट बघून म्हणाला, काका, आमच्या हॉलच्या सोफ्याला परफेक्ट मॅच होतंय. ज्या माणसानं आठ वर्षं एकेका फटकाऱ्यासाठी मला उन्हात उभं केलं, तो सोफ्याचं नाव ऐकून भडकेल असं मला वाटलं. सर म्हणाले, घेऊन जा. मी चक्रावलो, आणि खरं सांगायचं तर दुखावलोही.

परवा बुधवारी रणजितचा फोन आला. आईनं पेंटिंग खराब केलंय, रविवारी मुलीच्या साखरपुड्याची बोलणी करायला पाहुणे येणारेत, सरांना घेऊन या, त्याआधी क्लीन व्हायला पाहिजे. सरांनी टर्पेंटाइनची बाटली, कापूस आणि दोन ब्रश पिशवीत भरले. आम्ही रिक्षा केली.

रणजितचा हॉल म्हणजे लग्नाचं कार्यालय. चित्र भिंतीवर जरा खालीच लावलेलं. आणि त्या कोपऱ्यातल्या जांभळ्या फटकाऱ्यावर तेलात कालवलेला शेंदूर, एक-दोनदा नव्हे, थरावर थर चोपडलेला. खालच्या फ्रेमवर ओघळ आलेले. वर झेंडूचं एक फूल खोचलेलं. फ्रेम माझी होती, सागवानी, त्यामुळे माझंही डोकं फिरलं.

रणजितची आई मथुराबाई शेजारीच बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. अपराध केल्याचा भाव चेहऱ्यावर औषधालाही नव्हता. रणजितनं सगळं सांगितलं. जिथं आता त्याच्या तीन इमारती आहेत तिथं यांचं शेत होतं, बांधावर म्हसोबा होता. बांधकामाच्या वेळी त्यानं म्हसोबा रीतसर हलवला, सोसायटीच्या गेटपाशी टाइल्स लावून देऊळ बांधलं. आई तिकडे फिरकत नाही. दर अमावास्येला इथं शेंदूर लावते. हे राजस्थान आहे, हे तिला दहा वेळा सांगून झालं.

"द्येव उचलून न्हेला ह्यानं," मथुराबाई म्हणाल्या, "पर जागा कशी न्हेईल? चैतात रान नांगरून पडलं की असंच दिसायचं. ही माती, ह्यो बांध, आन् ह्यो म्हसोबा. मला न्हाई वळखू यायचं?"

सर चित्राजवळ गेले, वाकले, नखानं शेंदूर हलकेच उकरून पाहिला. मग मला म्हणाले, व्हार्निश लावलं असतं तर वरच्यावर निघाला असता. त्यांनी ते लावलं नव्हतं, चमक येते म्हणून. आता तेल आत मुरलं होतं. शेंदूर काढायचा तर खालचा जांभळा रंगही त्याच्याबरोबर खरवडून निघणार होता. रणजित म्हणाला, मग काढा ना, वरून परत मारा एक फटका. एक फटका तर आहे.

सरांनी कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवला. हात चित्रापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मग ते उलट्या पावली मागं आले, पंधरा-वीस पावलं, पार दारापर्यंत. परत पुढं गेले. परत मागं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका गोंधळ मी कधी पाहिला नव्हता, एखादा माणूस स्वतःच्याच गल्लीत घर चुकावा तसा. मी म्हणालो, सर, उंटच तर आहे, दुसरा काढता येईल.

"उंट नाही तो," सर म्हणाले. "श्यामला आहे. तिचे गुडघे दुखत होते, वर चढली नाही. तिथं वाळूत बसून राहिली, जांभळ्या साडीत. मी वरून बघत होतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना मी तोंडावर उंट म्हणालो होतो, आणि त्या हसल्या होत्या. रागही आला सरांचा. आठ वर्षांत एकदा सांगायला काय झालं होतं?

"परत काढता येईल का, मला सांगता येत नाही," सर म्हणाले. "तेव्हा कशी काढली तेच आठवत नाही. आणि आता इथून बघतो, तर मला दगड दिसतोय, बापूराव. ती दिसतच नाहीये."

रणजित मोबाइलकडे बघू लागला. मथुराबाई हळूहळू उठल्या, भिंतीला धरून चित्रापाशी गेल्या आणि तो कोपरा निरखत राहिल्या.

"म्हसोबाच्या सावलीला बसलीया म्हना की," त्या म्हणाल्या. "मी बी तितंच बसायची भाकर खायला. बसू द्या तिला. त्यो काय ऊठ म्हनतोय व्हय?" मग सरांकडे वळून विचारलं, "सवाष्ण ग्येली?"

सरांनी मान हलवली.

"मंग तिला शेंदूर कशाला? तिला कुक्कूच लावते की."

रणजितनं अगदी खालच्या आवाजात विचारलं, काका, पाहुण्यांनी विचारलं हे काय आहे, तर काय सांगू? सर म्हणाले, मला माहीत नाही. कापूस पिशवीत टाकला, बाटलीचं बूच घट्ट केलं. दारात चपला घालता घालता ते थांबले आणि परत आत गेले. हात जोडून, खाली बघत, मथुराबाईंना म्हणाले,

"कोरडं लावा. तिच्या कपाळाला पुरळ यायचं तेलानं."