दाढेचं अस्तर

माझी खालची उजवी दाढ आता जाणार, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. शेजारणी म्हणायच्या, काढून टाक गं, रोजची कटकट कशाला? जिथे तिच्यात सिमेंट भरून घेतलेलं, तिथले डॉक्टर आधी म्हणाले, भरल्यावरचं दुखणं बसेल हळूहळू. मग म्हणाले, रूट कॅनल करा नाहीतर काढा. डावीकडच्या दाढा माझ्या कधीच्याच गेल्यात. ही पण गेली तर भाकरी चावायची कशाने, एवढाच माझा प्रश्न होता.

दुखणंही विचित्र. नुसतं बसलेलं असताना काही नाही. घास चावून तोंड उघडलं की कळ यायची, ती थेट कानात. मी ठाकुर्लीत घरीच ब्लाउज शिवते. त्या दिवसांत गिऱ्हाइकांवर इतकी खेकसायचे, की एक बाई म्हणाली, "ताई, माप घ्या, जीव नका घेऊ."

खरं तर मी भ्यायलेले आईमुळे. आई माझ्याकडेच असते. तिच्या तोंडात एकही दात नाही. कोलशेतला कंपनीत होती ती कामाला. दाढ दुखली तर पुन्हा पुन्हा दवाखान्यात जायला सुट्टी कोण देणार? एकदाच जायचं, काढून यायचं, सकाळी कामावर हजर. अशा एकेक करत सगळ्या गेल्या. कवळी टोचते म्हणून डबीत पडून आहे. भाकरी डाळीत कुस्करून गिळते, बुद्धपौर्णिमेची खीर तेवढी मनापासून खाते. तिच्या ताटात मला माझं ताट दिसायला लागलेलं.

अशात एक मुलगी तिच्या लग्नाचे ब्लाउज शिवायला आलेली. मुलगी म्हणजे दातांची डॉक्टर. मी एका हाताने गाल धरून माप घेतेय हे बघून म्हणाली, "काकी, उद्या माझ्या दवाखान्यात या. काढायची घाई करू नका."

गेले. तिने दाढेवर बर्फासारखा गार बोळा टेकवला. मी खुर्चीतून उडालेच.

"कळ लगेच गेली?"

"गेली."

तर ही बया खूश! "छान. दाढेची नस जिवंत आहे." मनात म्हटलं, दाढ जिवंत आणि मी मेले.

मग तिने समजावलं. दाढेत भरायचा मसाला आधी मऊ असतो. निळी लाइट मारली की कडक होतो, आणि कडक होताना आटतो. पण तो दाढेच्या भिंतींना चिकटलेला, आटून जाणार कुठे? मग भिंतींनाच आत खेचतो. "तुमचा खड्डा मोठा होता, काकी, आणि एकदम भरलाय. त्या ओढीने दाढ दुखतेय."

"मग आधी भिजवून का नाही घेत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"भिजवून?" तिने विचारलं. मी सांगितलं, ब्लाउजचं सुती अस्तर आम्ही आधी भिजवतो, वाळवतो, इस्त्री करतो, मगच कापतो. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि अख्ख्या ब्लाउजला चुण्या पडतात. ती खळखळून हसली. "हे भिजवता येत नाही हो, काकी. म्हणून थोडं थोडं भरायचं. एक थर त्याचा तो आटून घेतो, मग पुढचा." मग हसणं थांबवून म्हणाली, "पण जुनं काढल्यावर आत भेग निघाली आणि ती मुळापर्यंत गेलेली दिसली, तर मी वाचवू शकणार नाही. आधीच सांगते."

दाढ बधिर केली, तोंडावर रबराचा पडदा ताणला. मी दिवसभर बडबडणारी बाई, आणि नेमकं विचारायचं तेव्हा तोंड उघडं आणि बोलती बंद! जुनं सिमेंट निघालं. डोळ्यांवरच्या भिंगातून ती आत बघत राहिली. माझा जीव टांगणीला.

"भेग आहे," ती म्हणाली. "पण वरच थांबलीय."

मी तिचं मनगट घट्ट धरलं. तिने हात तसाच राहू दिला.

मग ती भरायला बसली. मसाल्याचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, एकाच भिंतीला तिरका लावायचा, समोरच्या भिंतीला टेकू द्यायचा नाही, लाइट मारायची. मग दुसरी भिंत. मग पुन्हा पहिली. बाहेर पेशंट खोळंबलेले, फोन वाजत होता, पण हिने घाई केली नाही. माझ्या एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी इतकं निवांत बसलेलं मला आठवत नाही. पडदा निघाल्यावर आधीच्या डॉक्टरांना मी शिव्या घालणार होते, तर म्हणाली, "असू दे काकी, एवढा मोठा खड्डा भरणं कठीणच असतं." तिच्याखातर सोडलं मी त्यांना. तिचे ब्लाउज शिवले तेव्हा एकेक टाका घालताना तिचं भलं होवो म्हटलं, आणि आजही म्हणते.

काही दिवस मी भीत भीत डाव्या हिरड्यांवरच खात होते. मग एके दुपारी आई खाली जाऊन गाडीवरचा पेरू घेऊन आली. कच्चा, टणक. तिनेच चिरला, तिखटमीठ लावलं आणि समोर बसली. "त्या बाजूने चाव."

चावला. तोंड उघडलं. कळ आली नाही.

"दुखली?"

"नाही गं आई."

ती माझ्या जबड्याकडे बघत होती. "माझ्या दाढांकडे असं कुणी वाकून बघितलंच नाही बघ," ती म्हणाली. तक्रार करत नव्हती, सहज बोलली. माझे डोळे भरून आले.

"रडतेस काय, वेडे? खा," ती म्हणाली. "आणि जरा जोरात चाव, मला ऐकू दे."

मी अख्खा पेरू खाल्ला, बियांसकट.