सैल केलेला गळा

टेलरमास्तरांचं दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली, दोन मशिनं आणि अखंड बडबड. मशिनं दोघांची, बडबड एकट्या बायकोची. काज-बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे. हात चालायचे तसं तोंडही चालायचं. गिऱ्हाईक माप द्यायला यायचं आणि अख्ख्या गल्लीची खबर घेऊन जायचं. ते आठवलं की मास्तर म्हातारपणीही गालातल्या गालात हसतात. काय दिवस होते ते!

मग ती हळूहळू गप्प होत गेली. भर उन्हाळ्यात तिला थंडी वाजे. मास्तरांनी अस्तर लावून जाकीट शिवून दिलं. ब्लाउज दंडात रुतू लागले. त्यांनी शिवणी उसवून सैल केले. गळा दाटतो म्हणाली, तर गळा बोटभर खाली उतरवला. शिंपीच तो, त्याला दुसरं काय सुचणार! इकडे काजं साचत चालली, बसल्या जागी तिचा डोळा लागू लागला. "काय होतंय गं?" एवढं विचारायला मात्र मास्तरांची जीभ रेटेना. हिचं आपल्यावरून मन उडालंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर?

बऱ्याच दिवसांनी मास्तरांची बहीण आली आणि दारातच थबकली.

"वहिनी, गळा केवढा सुजलाय तुझा! दादा, डोळे कुठे गेले होते तुझे?"

दुसऱ्याच दिवशी तिने दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं.

"थायरॉईड ग्रंथी मंदावली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिच्या हार्मोनवर सगळ्या शरीराचा वेग ठरतो. ते कमी पडलं की थंडी, वजन, झोप, उदासी, सगळंच मागे लागतं. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची. गुण यायला वेळ लागेल, पण आपल्या मनाने बंद करायची नाही."

मास्तरांना इतकं हायसं वाटलं की ते चक्क हसले. बहिणीने डोळे वटारले.

दुकानात परतल्यावर ते बायकोला म्हणाले, "मला वाटलं, तुझं माझ्यावरून मन उडालं."

ती बघतच राहिली. "आणि मला वाटलं, तुमचं उडालं. दर वेळी कपडे तेवढे सैल करून द्यायचात. म्हटलं, यांना दिसतंय सगळं, पण माझं काही पडलेलं नाही."

आवाज घोगरा होता, पण कितीतरी महिन्यांत ती एका दमात एवढं बोलली नव्हती. मास्तरांनी मशीन थांबवलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"अजून बोल," ते म्हणाले.

त्या दुपारी गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली.