सगुण वायरमन आणि विनिताच्या गाडीतला काळोख

...तर मी घरातून काळं कांबळं आणून दिलं, इथवर काल सांगितलं होतं. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं आधीपासून घेतो. मला सांगायला काय, तोंड माझंच आहे.

मुळगावात आमच्या घराला लागून सगुण वायरमनची पत्र्याची शेड आहे. माणूस मूळचा शिरगावचा. उमेदीची वर्षं खाणीवरच्या ट्रकांच्या वायरी जोडण्यात गेली. तिथे कोल्हापूरकडच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकला. खाणी बंद पडल्या, ट्रक लोकांच्या अंगणांत उभे राहिले, तेव्हा त्याने लहान गाड्यांचं काम घेतलं. माझी खुर्ची सकाळपासून त्याच्याच शेडीत. त्याची बायको विमला चहा आणि उंडे पाव घेऊन आली की विचारते, "आजोबा, तुम्हाला पगार कोण देतो?" मी म्हणतो, "हे उंडेच माझा पगार!"

त्या दिवशी विनिता आली. साखळीची मुलगी, स्वतःची टॅक्सी चालवते. जुनी गाडी घेऊन, रंग बदलून तिने टॅक्सी केलेली. पेडण्याकडच्या एका कारखान्यातल्या रात्रपाळीच्या बायकांना घरी पोचवण्याचं काम तिला मिळणार होतं. त्यासाठी कारखान्याचा माणूस त्याच दुपारी गाडी तपासणार होता, आणि हिच्या स्टिअरिंगपुढच्या मीटरचे दिवेच लागत नव्हते. रात्री वेग किती, पेट्रोल किती, काही दिसायचं नाही. काम हातचं जाणार म्हणून तोंड एवढंसं झालेलं.

"गॅरेजवाला म्हणतो, अख्खं मीटर बदला. आठवडा लागेल."

"मग तू काय म्हणालीस?" सगुणाने विचारलं.

"म्हटलं, तोवर काय काजवे धरून आणू?"

सगुण हसला, पण पाना घेतला नाही. आधी तो विचारून घेतो, ती त्याची जुनी सवय. पार्किंगचे दिवे लागतात? लागतात. एसीच्या बटणांमागचा उजेड? नाही. रेडिओचा? तोही नाही.

"मग गो बाय, अख्खा वाडा काळोखात असताना एका घरातला बल्ब बदलून काय होणार? मीटर ठीक असणार. वीज त्याच्या अलीकडेच अडली आहे."

आणि तेव्हा त्याने माझ्याकडे कांबळं मागितलं. भर उन्हात मीटरचा मंद उजेड दिसत नाही, म्हणून पुढच्या काचेवर कांबळं टाकून तो आत बसला. मीही मागच्या सीटवर जाऊन बसलो. तमाशा फुकट असला की मी सोडत नाही.

स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटं चाक असतं. ते फिरवलं की मीटरचा उजेड कमीजास्त होतो. सगुणाकडे दोन वायरी लावलेला एक बल्ब आहे, तपासणीचा. चाकाकडे येणाऱ्या वायरीला तो टेकवला, लख्ख पेटला. चाकातून पुढे जाणाऱ्या वायरीला टेकवला, काही नाही. मग त्याने चाकाच्या दोन्ही वायरी क्षणभर एकमेकींना जोडल्या. कांबळ्याच्या काळोखात मीटर, एसीची बटणं, रेडिओ, सगळं एकदम उजळलं.

"लागले!" विनिता ओरडली. "काका, असंच बांधून टाका, मी जाते."

"थांब. चाक जळलंय. का जळलं ते बघू दे. नाहीतर नवीनही जळेल."

त्याने खालचं झाकण काढलं. समोर चिकटवलेल्या श्रीदेवी लईराईच्या तसबिरीतल्या बल्बांची वायर तिथेच, चाकाच्या पुढे जोडलेली होती. म्हणजे मीटरच्या चार चिमुकल्या दिव्यांसाठी केलेल्या चाकावर देवीच्या सगळ्या बल्बांचाही भार.

"कोण हा शहाणा?" सगुण आत डोकं घालून बडबडू लागला. "याला वायरमन कोणी केला? बैल हाकायच्या लायकीचा नाही! एवढ्याशा चाकाच्या डोक्यावर अख्खी जत्रा दिली."

"काका, शिव्या मागाहून द्या, मला पेडणं गाठायचंय."

सगुणाने जोडावरची टेप सोलली. टेपखाली जोडावर मेणाचा दोरा गुंडाळलेला होता, गजरा ओवतात तशा वेढ्यांनी. सगुणाची आई शिरगावात देवीच्या जत्रेला मोगऱ्याच्या माळा ओवून विकायची. तसे वेढे वायरीवर देणारा अख्ख्या डिचोलीत सगुणाशिवाय दुसरा कोणी मी तरी पाहिला नाही.

"ही गाडी कोणाची होती?"

"शिरगावच्या कृष्णनाथांची. आधी लाल होती."

सगुण बाहेर आला, हात पुसले.

"बाय, तो शहाणा मीच. कृष्णनाथाला रात्री देवीचा उजेड काचेत चमकून डोळ्यांवर यायचा. म्हणाला, मीटरबरोबर तोही मंद होईल असं कर. मला वाटलं, केवढी अक्कल चालवली!"

मी हसून हसून खोकलो. विनिता मात्र हसली नाही. तिला मघाशी धीर आला होता, तो ओसरला. चुकीचा जोड देणारा आणि आता तो दुरुस्त करणारा हात एकच, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं.

देवीच्या बल्बांना सगुणाने वेगळी वायर दिली, वेगळा फ्यूज दिला. जळलेलं चाक काढून तिथे तात्पुरता पक्का जोड केला. उजेड कमीजास्त होणार नाही, पण पूर्ण राहील. नवीन चाक मिळालं की बसवायचं. मग दिवे चालू ठेवून त्याने गाडी मुळगावच्या खड्ड्यांतून मुद्दाम आपटत आणली आणि विनिताला जोडाला हात लावायला सांगितलं.

"गार आहे," ती म्हणाली. चावी हातात घेतली, पण बसली नाही. "काका, गाडीत पाच बायका असतील. मध्यरात्री कुठे रानात परत काळोख झाला तर?"

सगुण म्हणाला, "मला फोन कर. मी येतो, आणि त्या पाचही जणींना माझ्या गाडीतून घरी सोडतो. मी नाही उचलला तर विमलाला कर, ती मला लाथ घालून उठवेल."