परायाह म्हणजे वाजवणारा

सरांनी फळ्यावर लिहिलं, परायाह. औरंगपुऱ्यातला आमचा इंग्रजीचा क्लास. रोज एक अवघड शब्द.

“अर्थ, वाळीत टाकलेला,” सर म्हणाले. “मूळ तमिळ. परै म्हणजे ढोल. तो वाजवणाऱ्यांची एक जात. इंग्रज साहेबानं जातीचं नाव उचललं आणि त्याचीच शिवी केली.”

तेवढ्यात आमच्याच लासूर स्टेशन गावची एक मुलगी माझ्याकडं बघून हसत बोलली, “सर, हिचे वडील हलगी वाजवतात.”

सरांनी तिला गप्प करायला हवं होतं. सर म्हणाले, “घ्या. जिवंत उदाहरण.”

सगळे हसले. रोज माझ्या डब्यातली चटणी मागून खाणारी बाकावरची शेजारीणही. मी तो शब्द अर्थासकट वहीत उतरवला.

निघताना सरांनी थांबवलं. “रविवारी गॅदरिंग आहे. वडिलांना सांग, गेटवर हलगी वाजवा. पाहुण्यांचं स्वागत झकास होईल.” प्रेमानं बोलले. तेच जास्त लागलं.

घरी बाबा हलगी जाळावर शेकत होते. लग्नाची सुपारी होती. शेकली की कातडं ताणतं, आवाज खणखणीत येतो. वाजवायचं मांडवाबाहेर उभं राहून. जेवायचंही बाहेरच, सगळ्यांची पंगत उठल्यावर. मी त्यांना शब्द सांगितला. अर्थही सांगितला.

बाबांनी हलगी खाली ठेवली. “म्हंजे आपलं नाव पार विलायतेत पोचलं व्हय?” मग हळूच, “अन् तिथंबी असंच?”

मला त्यांच्याकडं बघवेना. शेकलेली हलगी गार होत गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना भर वर्गात सांगितलं, “बाबा येतील. पालक म्हणून. वाजवणार नाहीत.”

“अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस?”

“लागलंय, सर.”

रविवारी बाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मोकळे. आणि येऊन गेटवरच उभे राहिले. कुणी अडवलं नव्हतं. माझा जीव तुटला.

“बाबा, आत चला.”

“ऱ्हाऊ दे बाई. हितंच बरं हाय.”

मी हात धरून त्यांना पहिल्या रांगेत नेलं. पूर्ण कार्यक्रमभर ते खुर्चीच्या काठावर बसून होते, कुणी उठवेल म्हणून.

आज मी इंग्रजी शिकवते. हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिते. पहिला अर्थ लिहिते, वाजवणारा. मग पोरांना विचारते, दुसरा अर्थ कुणी दिला? उत्तर येईपर्यंत मी फळा पुसत नाही. पुसणार नाही.