पैठणीच्या काठावरची दोन बोटं

"सर, ही साडी परत घेता येणार नाही. काठाला डाग आहे," असं म्हणून प्राचीने वांगी रंगाची पैठणी माझ्या टेबलावर ठेवली.

प्राची आमची QC. परत आलेला माल खरंच नवा आहे, की कुणी लग्नात मिरवून गुपचूप घडी घालून पाठवलाय, हे तपासणं तिचं काम. येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या घ्यायच्या आणि ऑनलाइन विकायच्या, हा माझा धंदा. ऑफिस अंबडला, पत्र्याच्या शेडमध्ये. वेबसाइटवरचा फोटो मात्र असा काढलाय, की आमच्या साडूला अजून ती काचेची बिल्डिंग वाटते.

डाग म्हणजे हळदकुंकवाची दोन बोटं. डाग असेल तर माल वापरलेला, असा नियम होता. कुठल्याशा वेबिनारमध्ये ऐकून तो मीच केला होता. मी "रिजेक्ट" म्हणालो आणि चहा मागवला.

दोन दिवसांनी त्या साडीचं गिऱ्हाईकच एसटीने नांदगावहून हजर झालं. मंदाताई. सोबत त्यांची जाऊ, शोभाताई.

"भाऊ, मालक तुम्हीच ना? पोरीचं सीमंतपूजन आठवड्यावर आलंय. जावयाचा फेटा राणी कलरचा. तुमच्या फोटूत साडी राणी दिसत होती. फेटा आणून शेजारी ठेवला, तर साडी वांगी! बदलून द्या म्हटलं, तर तुमची पोरगी म्हणती, वापरली."

"ताई, पण हळदकुंकू लागलंय ना तिला."

"लागलं नाय, लावलं! नवी साडी देवापुढं ठेवायची का नाय? घडीसुद्धा मोडली नाय मी. तुमच्याकडं काय खोक्यातून काढून थेट नेसत्यात?"

पलीकडच्या टेबलावर माझी बायको सुनंदा बसली होती. ती आमचे हिशेब बघते. माझ्या बाजूने बोलायचं नाही, हे तिचं तत्त्व. "यांच्याकडे मिक्सरलासुद्धा आधी हळदकुंकू, ताई," ती म्हणाली.

मंदाताईंनी माझ्या टेबलाकडे मान वळवली. "हा कम्प्युटर कवा घेतला?"

"दसऱ्याला."

स्क्रीनखाली दोन ठळक बोटं होती. एक पिवळं, एक लाल.

"मग आता याला सेकंडहँड म्हनायचं का?"

प्राचीने हातातला बारकोड स्कॅनर हळूच पालथा ठेवला.

आता नियम धरून बसलो असतो, तर ती मुलगी फेट्याशी भांडणाऱ्या साडीत पाटावर बसली असती, आणि पुढची पंचवीस वर्षं अल्बम उघडला की माझा उद्धार झाला असता. मी राणी रंगाची पैठणी काढली. मंदाताईंनी ती उन्हात नेऊन पाहिली, पिशवीतून फेटा काढून लावून पाहिला, आणि मगच मान हलवली.

"पण या वांगीचं आता मी काय करू?" मी विचारलं.

"मला द्या," शोभाताई म्हणाल्या. "हळदकुंकू झालेलंच हाय."

"घ्या की, ताई!"

"पण जरा कमी करा, भाऊ. डाग पडलाय तिच्यावर."

सुनंदा इतकी हसली, की कमी करण्याशिवाय माझ्याकडे पर्याय उरला नाही.

त्यानंतर मला कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की सुनंदा आधी खर्चाचा अंदाज काढते. खोक्याच्या झाकणावर एक गोल छापायचा आणि खाली लिहायचं: "हळदकुंकू इथे लावावे. साडी पसंत पडल्यावर साडीला." लोकांना ते फार आवडलं. कुणी झाकणावर अक्षताही टाकल्या. साड्या बदलायला यायच्या त्या कोऱ्या करकरीत.

मग मला वाटलं, गोल फार कोरा दिसतोय. पुढच्या छपाईला मी त्यात सुंदरसा पिवळा ठिपका आणि लाल ठिपका छापून घेतला.

पहिल्याच आठवड्यात कोथरूडहून एक खोकं परत आलं. आतली साडी हात न लावलेली. सोबत तक्रार: "आधीच कुणीतरी पूजा केलेला माल पाठवला आहे. वापरलेल्या वस्तू आम्ही घेत नाही."

प्राचीने विचारलं, "सर, काय करू? रिजेक्ट?"

मी रिफंड दिला आणि प्रेसला फोन करून गोल पुन्हा कोरा करून घेतला. धंद्यात गिऱ्हाइकासाठी सगळं करावं, पण त्याच्या वाटची पूजा आपण उरकू नये.